पापांची क्षमा नेमकी कधी मिळते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी उपासना संपली की दाराशी चपला घालता घालता कुणीतरी थांबवतं, "ताई, जरा एक विचारायचं होतं." आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवरही तेच चालू असतं. सोलापुरातल्या आमच्या बायबल अभ्यासाच्या वर्गात गेली काही वर्षं सगळ्यात जास्त प्रश्न आले ते क्षमा, नवा जन्म आणि बाप्तिस्मा यांविषयी. विचारणाऱ्यांत कुणी तीन पिढ्यांचे ख्रिस्ती आहेत, कुणी मागच्या वर्षी विश्वासात आलेले. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी तेलुगू, कुणी कानडी. प्रश्न मात्र तेच. लोकांनी विचारले तसेच ते इथे ठेवले आहेत. मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) मतभेद असेल तिथे तो आधी सांगितला आहे, मग माझं मत. वचनांचे संदर्भ स्वतः उघडून वाचावेत ही विनंती.

१. पापक्षमा आणि नवा जन्म एकच की वेगवेगळे?

देणारा एक, पण देणग्या दोन. पापक्षमा म्हणजे देवापुढचा आपला दोष मिटणं. तो दोष ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःवर घेतला, म्हणून आपल्यावर आरोप उरत नाही. यालाच शास्त्रात 'नीतिमान ठरवणं' म्हणतात. नवा जन्म म्हणजे आतला माणूस जिवंत होणं. काल ज्याला देव नकोसा होता त्यालाच आज तो हवासा वाटू लागतो. पहिल्यात देव आपल्याबद्दल निकाल देतो, दुसऱ्यात तो आपल्यामध्ये काम करतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं कर्ज कुणी माफ केलं तरी त्याचा आजार तसाच राहतो. ख्रिस्त कर्जही फेडतो आणि आजारही बरा करतो. तीताला पत्र ३:५-७ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत.

२. मग हे मिळतं कधी? आधी थोडक्यात सांगा.

माणूस पापाकडे पाठ फिरवून येशू ख्रिस्तावर भरवसा टाकतो तेव्हा. त्या भरवशावर देवाने लावायला सांगितलेली मोहोर म्हणजे बाप्तिस्मा.

आता थोडं सविस्तर, कारण पुढची बरीच उत्तरं इथूनच निघतात. नव्या करारात विश्वास आणि बाप्तिस्मा यांच्यात सहसा एका दिवसाचंही अंतर दिसत नाही. फिलिप्पैचा तुरुंगाचा अधिकारी भूकंपाच्या रात्री विचारतो, "मी काय करावं?" आणि उजाडायच्या आत घरच्यांसह बाप्तिस्मा घेतो (प्रेषितांची कृत्ये, पुढे 'प्रे. कृत्ये', १६:२५-३४). पन्नासाव्या दिवसाच्या सणाला (पेंटेकॉस्टला) यरुशलेमात सुमारे ३,००० लोकांनी वचन स्वीकारलं, त्यांचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला. 'क्षमा मनात विश्वास आला तेव्हा मिळाली की पाण्यात?' असं त्यांना कुणी विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच समजला नसता. अक्षता पडल्या तेव्हा लग्न लागलं की मंगळसूत्र बांधलं तेव्हा, असं मांडवात कुणी विचारत नाही.

अंतर आपण पाडलं आहे. आधी तयारीचा वर्ग, मग पाळकांची सवड, मग गावाकडच्या नातेवाइकांची सोय, आणि आमच्याकडे तर पाण्याचा वार. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या मंडळीत बुडवून बाप्तिस्मा देतात तिथे टाकी भरायची म्हणजे दोन-तीन पाळ्यांचं पाणी साठवावं लागतं. एकदा पाणी दोन दिवस उशिरा आलं आणि सगळा कार्यक्रम एक आठवडा पुढे गेला. त्या आठवड्यात एका मुलीने मला विचारलं, "मग या रविवारपर्यंत माझी पापं तशीच का?" हे पान लिहायला घेतलं ते तिच्या प्रश्नामुळे. तिला जे सांगितलं तेच इथे सांगते: नाही. तू ज्याच्याकडे आलीस तो पाण्याच्या वाराची वाट पाहत नाही.

३. पण प्रे. कृत्ये २:३८ मध्ये येशूचा शिष्य पेत्र सरळ म्हणतो की पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. मग क्षमा पाण्यातच मिळते ना?

हे वचन पुसट करायचा प्रयत्न बरेच जण करतात. मला तो पटत नाही. 'साठी' या अर्थाने तिथे आलेला ग्रीक शब्द 'एइस' आहे. काही जण म्हणतात, त्याचा अर्थ 'क्षमा झाली म्हणून' असा घ्यावा. पण हीच शब्दरचना मत्तय २६:२८ मध्ये येशूच्या तोंडी आहे. त्याचं रक्त पापांच्या क्षमेसाठी ओतलं जातं. तिथे 'आधीच क्षमा झाली म्हणून रक्त ओतलं' असं कुणी म्हणणार नाही. म्हणून २:३८ मध्येही साधा अर्थच घ्यावा.

मात्र त्या वाक्याची सुरुवात 'पश्चात्ताप करा' अशी आहे. पुढच्याच अध्यायात, ३:१९ मध्ये, तोच पेत्र पापं पुसली जावीत म्हणून पश्चात्ताप करा आणि वळा असं सांगतो, आणि तिथे पाण्याचा उल्लेखही करत नाही. एकाच माणसाच्या या दोन उपदेशांत विरोध धरायचा नसेल तर मार्ग एकच: पश्चात्ताप, विश्वास आणि बाप्तिस्मा हे त्याच्या लेखी एकच वळणं होतं, आणि त्यातला कुठलाही भाग घेऊन तो सगळ्याबद्दल बोलू शकत होता. कलस्सैकरांस पत्र २:१२ मध्ये हे दोन्ही धागे एका वाक्यात येतात: बाप्तिस्म्यात त्याच्याबरोबर पुरले गेलात, आणि विश्वासाच्या द्वारे उठवले गेलात.

४. बाप्तिस्म्याच्या आधीच कुणाला क्षमा मिळाल्याचा दाखला आहे का?

सगळ्यात ठळक दाखला कर्नेल्याचा. तो रोमी शताधिपती, कैसरियात राहणारा. पेत्राचं बोलणं अजून चालूच होतं, तोच ऐकणाऱ्यांवर पवित्र आत्मा उतरला. मग पेत्र म्हणाला, यांना पाणी कोण नाकारील? (प्रे. कृत्ये १०:४४-४८). देवाने यहुद्यांप्रमाणेच यांचीही अंतःकरणं विश्वासाने शुद्ध केली, असं तो पुढे १५:९ मध्ये सांगतो. म्हणजे शुद्धी आधी, पाणी नंतर. तरी त्याने पाणी सोडलं नाही, हेही तितकंच पाहण्यासारखं आहे.

दुसरा दाखला अब्राहामाचा. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात मुद्दाम विचारतो, त्याला नीतिमान गणलं ते सुंता झाल्यावर की आधी? आधी. सुंता ही नंतर मिळालेली खूण, आधीच्या विश्वासाचा शिक्का. येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या त्या जकातदाराचंही आठवा, जो वर डोळेही न उचलता ऊर बडवत उभा होता. तो नीतिमान ठरून घरी गेला (लूक १८:१३-१४).

५. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या अपराध्याचा बाप्तिस्मा कुठे झाला होता?

झाला नव्हता, आणि येशूने त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' असा शब्द दिला. यावर काही शिक्षक म्हणतात की तो ख्रिस्ती बाप्तिस्म्याची आज्ञा मिळण्याआधीचा काळ, म्हणून त्यावरून नियम काढू नये. कालक्रम पाहता हे बरोबर आहे. पण त्याच्या हातात देण्यासारखं काहीच नव्हतं, हातच खिळलेले होते, हे विसरून चालणार नाही. त्याने फक्त मागितलं. क्षमा मागणाऱ्याला कशी मिळते ते त्याच्यात उघड दिसतं. पाणी मिळू शकत असताना ते टाळण्यासाठी मात्र त्याचं नाव पुढे करू नये.

६. येशूने निकदेमाला 'पाण्यापासून आणि आत्म्यापासून' जन्म घ्यायला सांगितलं. ते पाणी कुठलं?

तीन उत्तरं दिली जातात. जुन्या मंडळीतले बहुतेक शिक्षक म्हणत, बाप्तिस्म्याचं पाणी. काही जण म्हणतात, आईच्या पोटातून होणाऱ्या जन्माचं पाणी. तिसरं उत्तर यहेज्केल ३६:२५-२७ कडे बोट दाखवतं. तिथे देव शुद्ध पाणी शिंपडीन, नवं हृदय देईन, माझा आत्मा तुमच्यात घालीन असं म्हणतो. निकदेम इस्राएलाचा गुरू होता आणि 'तुला हे कळत नाही का?' असं येशू त्याला विचारतो, तेव्हा त्याला माहीत असलेल्या शास्त्राकडेच तो बोट दाखवत असणार. म्हणून मला तिसरं उत्तर सगळ्यात जवळचं वाटतं. त्याच संवादात 'वारा हवा तिकडे वाहतो' असंही आहे. मे महिन्यात इथे संध्याकाळी अचानक वावटळ उठते आणि दोरीवरच्या चादरी फडफडायला लागतात. वारा कुठून आला ते दिसत नाही, आला आहे हे मात्र सगळ्या गल्लीला कळतं.

७. वेगवेगळ्या मंडळ्या वेगवेगळं का शिकवतात? कोण काय म्हणतं?

*कॅथलिक मंडळी* शिकवते की बाप्तिस्म्याच्या संस्कारात मूळ पाप आणि केलेली सगळी पापं धुतली जातात आणि नवा जन्म मिळतो. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये हे ठामपणे मांडलं, पण 'बाप्तिस्मा किंवा त्याची इच्छा' असे शब्द वापरून दारही उघडं ठेवलं (प्रश्न ११ पाहा).

जर्मन धर्मसुधारक *लूथर* यांनी १५२९ च्या धर्मशिक्षणात बाप्तिस्मा क्षमा देतो असंच शिकवलं, मात्र पाणी एकटं काही करत नाही, पाण्याबरोबरचं देवाचं वचन आणि त्यावरचा विश्वास करतो, असंही बजावलं.

*प्रेस्बिटेरियन* परंपरेतली १६४६ ची वेस्टमिन्स्टर कबुली म्हणते की बाप्तिस्म्याचा परिणाम तो दिला जातो त्याच क्षणाला बांधलेला नाही. 'कधी' हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हे वाक्य फार दिलासा देतं असा माझा अनुभव आहे.

*बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि बहुतेक पेंटेकॉस्टल* मंडळ्यांत आधी विश्वास, त्यातच क्षमा आणि नवा जन्म, मग त्याची उघड साक्ष म्हणून पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. १५२५ च्या जानेवारीत झुरिकमध्ये काही जणांनी मोठेपणी, स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून प्रोटेस्टंट जगात हा वाद पेटता आहे.

*चर्चेस ऑफ ख्राईस्ट* या प्रवाहात विश्वासाने घेतलेल्या बाप्तिस्म्याच्या वेळीच क्षमा मिळते असं शिकवतात.

*चर्च ऑफ नॉर्थ इंडिया* २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाली ती सहा परंपरा एकत्र येऊन. त्यात बॅप्टिस्टही होते आणि अँग्लिकनही. म्हणून तिथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा या दोन्ही रीतींना जागा आहे.

एवढं वाचून गोंधळायला होईल. पण यातला प्रत्येक जण, क्षमा ख्रिस्ताच्या मरणामुळे आणि कृपेनेच मिळते, आपल्या कमाईने नाही, हे मान्य करतो. वाद आहे तो ती पोचण्याच्या वाटेबद्दल.

८. माझा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला. मला काही कळत नव्हतं. पुन्हा घ्यावा का?

हा माझाही प्रश्न होता. माझ्या बाप्तिस्म्याचा दाखला आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी ठेवला होता. घड्यांवर तो फाटत आला आहे. सतराव्या वर्षी एका युवक शिबिरात मी पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने 'प्रभू, मला क्षमा कर' म्हटलं. घरी येऊन तो दाखला काढून पाहिला तेव्हा वाटलं, यात माझं काय आहे? मी तर झोपेत होते.

पुढे कळलं की तोच त्याचा अर्थ आहे. मी काही करायच्या आत देवाने माझ्यावर नाव घातलं, आणि सतरा वर्षांनी मी त्या नावाला हो म्हटलं. मी पुन्हा बाप्तिस्मा घेतला नाही. पण बालबाप्तिस्मा शास्त्रात बसत नाही असं मनापासून पटल्यामुळे ज्यांनी पुन्हा घेतला, त्यांना मी दोष देत नाही. एवढंच सांगेन की मंडळी बदलली, नव्या पाळकांनी आग्रह धरला, एवढ्यावर तो निर्णय घेऊ नका. आणि दाखला ट्रंकेत आहे म्हणून विश्वासाची गरज नाही, असंही समजू नका.

९. बाकीचे साक्ष देताना तारीख-वार सांगतात. मला माझ्या नव्या जन्माची तारीख सांगता येत नाही. मग माझं तारण झालं नाही का?

तारीख सांगता येणं ही देवाने घातलेली अट नाही. मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांना ती सांगता येत होती: २४ मे १७३८, रात्री पावणेनऊच्या सुमाराला. तेव्हा ते दीक्षित पाळक होते, बाप्तिस्मा तर बालपणीच झालेला. पौलालाही ख्रिस्त भेटला तो दिमिष्काचा रस्ता आठवत होता. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याच्या बाबतीत मात्र आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापासून चालत आलेला विश्वास एवढंच सांगितलं आहे, तारीख नाही.

आपल्या जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की केडगाव लागतं, तिथे त्यांचं मुक्ती मिशन आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पण त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त अजून सापडला नाही. त्यानंतर त्या त्याच्यापाशी आल्या. कुणी म्हणेल १८८३, कुणी म्हणेल १८९१. देवाला दोन्ही वर्षं ठाऊक आहेत.

स्वतःला तारीख विचारण्यापेक्षा हे विचारा: आज माझा भरवसा कुणावर आहे? पाप केल्यावर टोचतं का? दुसऱ्याला माफ करावंसं वाटतं का? जिवंत माणसाचा श्वास चालू आहे की नाही हे पाहायला कुणी जन्मदाखला मागत नाही.

१०. बाप्तिस्म्यानंतर पुन्हा पाप झालं तर? आणि विश्वास सोडूनच दिला असेल तर?

चौथ्या शतकात याच भीतीने लोक बाप्तिस्मा लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाईनने तो ३३७ मध्ये मरणशय्येवर घेतला. ही भीती बाप्तिस्म्याला एकदाच उपयोगी पडणारा साबण समजते. योहानाचं पहिलं पत्र १:९ विश्वासणाऱ्यांनाच लिहिलं आहे: कबूल करा, तो क्षमा करतो. कॅथलिक बंधुभगिनींसाठी यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. इतर मंडळ्यांत प्रार्थनेत आणि प्रभुभोजनाआधीच्या कबुलीत हे होतं. नवा बाप्तिस्मा लागत नाही.

विश्वास सोडलेल्यांना इब्री लोकांस पत्र ६:४-६ वाचून धडकी भरते, कारण तिथे गळून पडलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे असं म्हटलं आहे. ते वचन कुणाबद्दल आहे यावर विद्वानांत एकमत नाही. पण परत यायची ओढ ज्याच्या मनात आहे, त्याचं मन अजून मेलेलं नाही. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, आणि येशूने तीनदा विचारून त्याला परत उभं केलं.

११. बाप्तिस्म्याची तारीख ठरली आणि त्याआधीच माणूस गेला तर?

त्याच्या तारणाबद्दल शंका घेऊ नका. ३९२ मध्ये तरुण सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मरण पावला, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींचं सांत्वन करताना सांगितलं की त्याने जे मागितलं ते त्याला मिळालं. ट्रेंटमधली 'इच्छा' ती हीच.

तरी वेळ असेल तर थांबू नका. एका आजीबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. दवाखान्यातल्या खाटेवर त्यांनी बाप्तिस्मा मागितला. पाळकांनी स्टीलच्या वाटीत बाटलीतलं पाणी घेतलं. तंबाखूने पिवळी झालेली त्यांची बोटं चादरीवर जुळलेली होती. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. कॅथलिक शिकवणीप्रमाणे तर अशा निकडीच्या वेळी, मंडळीचा हेतू मनात धरून आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं.

१२. घरच्यांचा विरोध आहे, शिवाय जातीच्या दाखल्याचा प्रश्न आहे. मनात विश्वास आहे पण बाप्तिस्मा घेतलेला नाही. क्षमा मिळाली आहे का?

विश्वास खरा असेल तर मिळाली आहे (प्रश्न ४). हा प्रश्न जितका विचारला जातो तितकं उघडपणे त्यावर बोललं जात नाही. १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या यांप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. मुलांचं शिक्षण, नोकरी, सगळं त्यावर टांगलेलं असतं. ही ओढाताण ज्याला भोगावी लागत नाही त्याने अशा माणसाला भित्रा म्हणू नये.

पण तोंडाने कबूल करणं आणि मनाने विश्वास ठेवणं या दोन गोष्टी रोमकरांस पत्र १०:९ मध्ये एकत्र आहेत, आणि वर्षानुवर्षं लपवलेला विश्वास आतून कोमेजतो हेही मी पाहिलं आहे. कायद्याची बाजू वकिलाला विचारा, खोटं काही लिहून देऊ नका, आणि पाळकांना खरी परिस्थिती सांगा. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने आल्या. घरच्यांना वेळ द्या.

१३. अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने सुचलेली, न शिकलेली भाषा) बोलता येत नाही म्हणजे पवित्र आत्मा मिळालेला नाही का?

ज्याच्यात ख्रिस्ताचा आत्मा नाही तो ख्रिस्ताचा नाही, असं रोमकरांस पत्र ८:९ म्हणतं. म्हणजे जो ख्रिस्ताचा आहे त्याच्यात तो आहेच. शोमरोनात बाप्तिस्म्यानंतर पेत्र आणि योहान यांनी हात ठेवल्यावर आत्मा मिळाला (प्रे. कृत्ये ८:१४-१७), इफिसात सुमारे बारा जणांना पौलाच्या हाताने (१९:१-७), कर्नेल्याच्या घरी पाण्याआधीच. क्रम सगळीकडे एकच नाही. पेंटेकॉस्टल बांधव 'आत्म्याचा बाप्तिस्मा' हा तारणानंतरचा वेगळा अनुभव मानतात, पण त्यांच्यातलेही जाणते शिक्षक त्यावर पापक्षमा अवलंबून ठेवत नाहीत.

१४. आधी विश्वास की आधी नवा जन्म?

धर्मसुधारक कॅल्विनच्या परंपरेत आधी नवा जन्म, कारण मेलेला माणूस विश्वास ठेवू शकत नाही. वेस्लीच्या परंपरेत देवाची कृपा आधी हाक मारते, माणूस विश्वासाने उत्तर देतो, मग नवा जन्म. फिलिप्पैत पौलाचं बोलणं ऐकणाऱ्या लुदियेच्या बाबतीत प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं आणि तिने लक्ष दिलं, एवढं लिहिलं आहे (प्रे. कृत्ये १६:१४). मला तेवढं पुरतं.

१५. आमचं बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. ते कुठे आहे?

प्रभूच्या हातात. ज्याने बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या म्हटलं, त्याच्या हातात. दावीद आपलं मूल गेल्यावर म्हणाला, मी त्याच्याकडे जाईन (२ शमुवेल १२:२३). कॅथलिक मंडळीही अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि २००७ मध्ये तिच्या धर्मपंडितांच्या आयोगाने या आशेला भक्कम आधार आहे असं मांडलं. कुणी नातेवाइकाने तुम्हाला दुसरं काही ऐकवलं असेल तर ते मनातून काढून टाका.

१६. ज्या पाळकांनी बाप्तिस्मा दिला तेच पुढे पापात सापडले. माझा बाप्तिस्मा बाद झाला का?

नाही. उत्तर आफ्रिकेत चौथ्या-पाचव्या शतकात याच मुद्द्यावर मोठी फूट पडली होती. तिथले बिशप ऑगस्टीन यांनी उत्तर दिलं की हात कुणाचाही असो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. पत्र आणणारा पोस्टमन वाईट निघाला म्हणून आईने लिहिलेला मजकूर बदलत नाही. जखम मात्र खरी आहे, तिच्याबद्दल विश्वासू माणसाशी जरूर बोला.

१७. आईला विस्मरणाचा आजार झाला आहे. तिला येशूचं नावही ओळखू येत नाही. तिचा विश्वास गेला, मग क्षमाही गेली का?

क्षमा तिच्या आठवणीत साठवलेली नव्हती. प्रभू आपल्या लोकांना ओळखतो, असं तीमथ्याला दुसऱ्या पत्रात लिहिलं आहे (२:१९). ओळखण्याचं काम त्याच्याकडे आहे. तुम्ही तिला उपासनेला आणत राहा, मागच्या बाकावर, पंख्याखाली बसवा. प्रभुभोजनाच्या वेळी तिला वगळू नका. भाकरीचा तुकडा तळहातावर ठेवा आणि थोडं थांबा. आमच्याकडच्या एका आजींना मुलाचं नाव आठवत नाही, पण तुकडा हातात आला की त्या डोक्यावरचा पदर सावरतात.